काळोखाच्या छटा : मराठी गूढकथा, कादंबरी आणि खेळ यांतील काळोखी सुराचा विचार

प्रस्तावना

मराठी ग्रंथपरीक्षणांत आणि महाविद्यालयीन चर्चांत ‘डार्क’ हे विशेषण गेल्या काही वर्षांत फार सैलपणे वापरले जाते. नारायण धारपांची भयकथा डार्क, जी. ए. कुलकर्णींची कथा डार्क, तेंडुलकरांचे ‘गिधाडे’ डार्क, आणि विद्यार्थी भ्रमणध्वनीवर किंवा संगणकावर जे खेळ खेळतात तेही डार्कच. एका शब्दाखाली इतक्या भिन्न कलाकृती गोळा झाल्या, की तो शब्द काहीच सांगेनासा होतो. मराठीत अंधार, काळोख, सावट, तिन्हीसांज, मिट्ट आणि किर्र असे शब्द असताना समीक्षेने एकाच उसन्या शब्दावर भागवावे, हे काहीसे चमत्कारिक आहे.

या सैलपणामागे एक गृहीत दडलेले असते. कलाकृतीत रक्त किती सांडले, माणसे किती मेली, शेवट किती वाईट झाला, यावर तिचा काळोख मोजता येतो, असे ते गृहीत होय. ते तपासून पाहणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. काळोखी सुराची छटा प्रसंगाच्या भीषणतेवरून ठरत नाही. काळोखाला हद्द आहे की नाही आणि त्या हद्दीत माणसाच्या कृतीला काही मोल उरते की नाही, या दोन गोष्टींवरून ती ठरते, अशी येथील मांडणी आहे.

हा विचार भारतीय काव्यशास्त्राला नवा नाही. नाट्यशास्त्राच्या सहाव्या अध्यायात भरताने रसांना वर्ण दिले आहेत. त्यांत भयानकाचा वर्ण कृष्ण, बीभत्साचा नील आणि करुणाचा कपोत, म्हणजे पारव्यासारखा करडा. आज ‘डार्क’ म्हणून जे एकत्र केले जाते त्याचे तीन निरनिराळे रंग तेथे आधीच वेगळे काढलेले आहेत. याहून महत्त्वाचा भेद करुण आणि विप्रलंभ शृंगार यांच्यातील आहे. दोहोंत अश्रू, चिंता, ग्लानी सारखीच. तरीही भरत करुणाला निरपेक्ष म्हणतो आणि विप्रलंभाला सापेक्ष. एकात पुनर्भेटीची अपेक्षा संपलेली असते, दुसऱ्यात ती शिल्लक असते. लक्षणे तीच, पण अपेक्षेच्या असण्यानसण्याने रस बदलतो. काळोखी सुराच्या विवेचनाला याहून उपयुक्त साधन क्वचितच मिळेल.

हद्द असलेला काळोख

रायगड जिल्ह्यातील मुरुडचा किनारा या विषयाच्या अभ्यासकाला सोयीचा आहे. एका बाजूला फणसाडचे जंगल, दुसऱ्या बाजूला खाडी आणि समुद्र, पाण्यात जंजिरा, पलीकडे पद्मदुर्ग. आणि या सर्वांभोवती कोकणभर पसरलेल्या लोकसमजुतींचे जाळे. या समजुतींतील भुते कमालीची नियमबद्ध आहेत. मुंजा हा मुंज झालेल्या पण लग्नाआधीच मेलेल्या मुलाचा आत्मा, आणि त्याचे ठिकाण पिंपळ. गिऱ्हा पाण्याच्या काठचा. चकवा वाटसरूला रात्रभर त्याच त्या जागी फिरवतो, पण उजाडले की त्याचे काही चालत नाही. वेताळाची फेरी अवसेची. गावाच्या राखणदाराला वर्षाची राखण दिली, की शिवेच्या आतील माणूस निर्धास्त.

भीती येथे खरी आहे. परंतु तिला जागा, वेळ आणि शर्ती आहेत. कोणत्या झाडाखालून रात्री जाऊ नये हे मुलाला सांगितलेले असते. न सांगितलेल्या झाडाखालून ते निवांत जाऊ शकते, ही या भीतीची दुसरी बाजू सहसा लक्षात घेतली जात नाही. लोककथेतील काळोख कुंपण घातलेला असतो आणि त्या कुंपणाबाहेरचे जग राहण्याजोगे असते. अशा काळोखाला ‘हद्दीचा काळोख’ म्हणता येईल.

नारायण धारप (१९२५–२००८) यांच्या भयकथेने हा काळोख लोककथेकडून घेतला, मात्र त्याची रचना बदलली. त्यांच्या कथांतील अमानवी शक्ती पुष्कळदा परक्या जगातून येते; तिच्याशी राखणीचा करार होऊ शकत नाही. ‘लुचाई’ची प्रेरणा स्टीफन किंग यांच्या ‘सेलम्स लॉट’मध्ये आहे हे सर्वज्ञात आहे, आणि तेथील दुष्ट शक्ती एका घरापुरती राहत नाही, वस्तीभर पसरते. हद्द अशी पुसट झाली, की तिच्या जागी रक्षणकर्ता लागतो. धारपांचे ‘समर्थ’ हे पात्र ती जागा भरते. समर्थ कथेत आले, की काळोख कितीही दाट असला तरी वाचकाची अपेक्षा जिवंत राहते. धारपांना ‘डार्क’ म्हणताना ही गोष्ट विसरली जाते. त्यांची कथा भयानक आहे, पण निरपेक्ष नाही. रत्नाकर मतकरी (१९३८–२०२०) यांच्या गूढकथेत रक्षणकर्ता सहसा नसतो आणि भयाचा उगम अनेकदा घराच्या आत, नात्यांत सापडतो. त्यामुळे त्यांची छटा धारपांहून गडद आहे, जरी तेथे राक्षसी आकृती कमी दिसत असल्या तरी.

या संदर्भात राही अनिल बर्वे दिग्दर्शित ‘तुंबाड’ (२०१८) हा हिंदी चित्रपट पाहण्याजोगा आहे. त्याचे नाव श्री. ना. पेंडसे यांच्या ‘तुंबाडचे खोत’ची आठवण करून देते, कथेचा एक धागा धारपांच्या ‘आजी’ या कथेतून आला आहे आणि वातावरण सतत पावसात भिजलेल्या कोकणाचे आहे. चित्रपट बीभत्स आहे यात शंका नाही. तथापि त्यातील हस्तर पूर्णपणे नियमांनी बांधलेला आहे. पिठाचे रिंगण त्याला ओलांडता येत नाही, पिठाच्या बाहुलीच्या मोहाने तो पुढे येतो, आणि तेवढ्या वेळात जितक्या मोहरा काढता येतील तितक्याच विनायकरावाच्या. जोवर हिशेब पाळला जातो तोवर धंदा चालतो; अनेक बाहुल्या एकदम नेण्याची युक्ती सुचते तेव्हा तो कोसळतो. हा लोककथेचाच हद्दीचा काळोख आहे, फक्त हद्द माणसाने मोडली आहे. शेवटी मुलगा बापाने पुढे केलेले धन नाकारतो. एका नकाराला येथे मोल आहे, म्हणून इतके किळसवाणे दृश्य असूनही चित्रपट निराशेचा ठरत नाही.

सापेक्ष आणि निरपेक्ष

चिं. त्र्यं. खानोलकरांकडे वळले की हद्द बाहेर शोधून चालत नाही. ‘रात्र काळी घागर काळी’ (१९६२) हे शीर्षकच विचारात घ्यावे. विष्णुदास नाम्याच्या प्रसिद्ध पदात काळेपण हा कृष्णाचा रंग आहे. गवळणीचे सारे विश्व त्या रंगात बुडते आणि त्या बुडण्यात भय नाही, सुख आहे. म्हणजे मराठी परंपरेत भयानकाचा एक काळा आहे तसा भक्तीचाही एक काळा आहे. खानोलकरांनी भक्तीच्या काळ्यातून नाव उचलले आणि ते देहाच्या, सौंदर्याच्या आणि अटळ नाशाच्या कथेला दिले. वाचकाच्या कानात मूळ पदाचे सूर असतात आणि समोर वेगळेच काही घडत असते. या दोन काळ्यांच्या घर्षणातून कादंबरीचा खास स्वर तयार होतो. केवळ ‘डार्क’ म्हणून ती बाजूला ठेवणाऱ्याला हे घर्षण ऐकू येणार नाही.

‘कोंडुरा’ (१९६६) या कादंबरीत तर लोककथेची सारी सामग्री हजर आहे. समुद्रकाठचे गूढ स्थान, वरदान, त्याबरोबर आलेले बंधन, देवीचे संकेत, गावाची श्रद्धा. श्याम बेनेगल यांनी १९७८ साली तिच्यावर चित्रपट केला, यावरूनही त्या सामग्रीचे आकर्षण लक्षात येते. परंतु लोककथेत अट पाळली की माणूस सुरक्षित असतो. येथे अटीचा अर्थच कळेनासा होतो. जो संकेत ईश्वरी समजावा तो आपल्याच मनाचा खेळ असेल काय, या संशयाने परशुराम पोखरला जातो आणि चांगुलपणाच्या बुद्धीने केलेली कृती विनाशाला कारण होते. कृती निष्फळ नाही, ती विपरीतफलदायी आहे. ही छटा धारपांत नाही आणि मतकरींतही अपवादानेच आढळते.

जी. ए. कुलकर्णी (१९२३–१९८७) यांच्या संदर्भात ‘नियतीवाद’ हा शब्द इतका घासला गेला आहे, की त्याने प्रश्न सुटण्याऐवजी झाकला जातो. ‘पिंगळावेळ’ (१९७७) मधील ‘स्वामी’ ही कथा या दृष्टीने पाहावी. वाटेत अडकलेला एक प्रवासी आदराने मठात नेला जातो, जमिनीखाली उतरवला जातो आणि त्याच्यामागे दार बंद होते. त्याला मारायचे नाही. त्याला स्वामी करायचे आहे. खाणेपिणे, स्वच्छता, मान, सगळे मिळेल, फक्त बाहेर जाणे नाही. रक्ताचा थेंब न सांडता मराठीतील अत्यंत काळोखी अशी एक अवस्था येथे उभी राहते. हद्द तर आहे, चार भिंतींची आहे, पण माणूस तिच्या चुकीच्या बाजूला आहे.

आणि तरीही ही कथा निरपेक्ष म्हणता येत नाही, हे तिचे मर्म आहे. कोठडीतील एक वेल हवेच्या मार्गाने वर चढते. माणसाची सुटका होणार नाही, हे कथेने पक्के केले आहे. वेलीची वाढ मात्र तिने रोखलेली नाही. अपेक्षा नायकाच्या भवितव्यावरून काढून दुसऱ्या सजीवाकडे सोपवलेली आहे. ‘सारे आधीच ठरलेले, म्हणून कृती व्यर्थ’ असा नियतीवादाचा ठोकळ अर्थ येथे लागू पडत नाही. परिणाम ठरलेला असताना वागण्याची रीत माणसाच्या हातात राहते, आणि ती मोजली जाते.

याच्या उलट टोकाला काय असेल? जेथे सर्वच पात्रे सारखीच हीन आहेत आणि सद्वर्तन हा केवळ मूर्खपणा ठरतो, असा सूर. १९७० साली रंगभूमीवर आलेले आणि सेन्सॉरच्या वादात सापडलेले तेंडुलकरांचे ‘गिधाडे’ या टोकाचे उदाहरण म्हणून हमखास दिले जाते. ते पूर्णांशाने बरोबर नाही. त्या घरात रमा आहे, आणि गॅरेजमध्ये रजनीनाथ आहे. त्यांचा पराभव होतो. परंतु ते गिधाडे नाहीत हे प्रेक्षकाला कळते, आणि म्हणूनच बाकीचे गिधाडे आहेत हेही कळते. ज्या कलाकृतीत तुलनेला एकही माणूस नाही तेथे क्रौर्य दिसेनासे होते, ते हवामान बनते.

खेळाडूचा हात

त्या हवामानाला इंग्रजी वाचकवर्गात ‘ग्रिमडार्क’ असे नाव मिळाले, आणि ते खेळातून आले ही लक्षणीय गोष्ट आहे. गेम्स वर्कशॉप या ब्रिटिश कंपनीने १९८७ साली ‘वॉरहॅमर ४०,०००’ हा टेबलावर छोट्या प्रतिमांनी खेळायचा युद्धखेळ आणला. त्याच्या घोषवाक्यात दूरच्या भविष्यातील भीषण अंधार आणि अखंड युद्ध यांचा उल्लेख आहे. त्यातील दोन शब्द जोडून ही संज्ञा घडली आणि पुढे एका प्रकारच्या अद्भुतरम्य कादंबरीला लागू झाली. खेळातील मानवी साम्राज्य हे व्यंगचित्र आहे, आदर्श नव्हे, असे स्पष्टीकरण कंपनीला २०२१ साली जाहीरपणे करावे लागले. व्यंग ओळखण्यासाठी व्यंगाबाहेरची एखादी जागा लागते. ती जागा न ठेवणाऱ्या कलाकृतीची भक्तिभावाने पूजा झाली, तर दोष केवळ वाचकाचा म्हणता येत नाही.

खेळांचा विचार वाङ्मयाबरोबर का करावा, असा आक्षेप येऊ शकतो. त्याला उत्तर मराठी घरांतच आहे. ज्ञानदेवांच्या नावाशी परंपरेने जोडलेला मोक्षपट घ्यावा. त्यातील सापांना दुर्गुणांची नावे आणि शिड्यांना सद्गुणांची. खाली घसरणे तेथे अर्थपूर्ण आहे. का घसरलो हे सोंगटी जेथे थांबते तेथे लिहिलेले असते. पुढे नावे गळाली आणि साप-शिडी उरली. पट तोच, फासा तोच, घसरणही तीच. परंतु आता ती निव्वळ दैवाची थप्पड आहे. प्रसंग न बदलता सूर कसा बदलतो याचे इतके स्वच्छ उदाहरण कादंबरीत सापडणे अवघड आहे.

वाचक साक्षी असतो, खेळाडू कर्ता असतो. त्यामुळे वाङ्मयाला न जमणारी एक गोष्ट खेळाला जमते. तो अपराधाची जाणीव खेळाडूच्याच माथी ठेवू शकतो. पोलंडमधील अकरा बिट स्टुडिओज या संस्थेचा ‘धिस वॉर ऑफ माइन’ (२०१४) हा खेळ सारायेव्होच्या १९९२ ते १९९६ या वेढ्यावरून सुचलेला आहे. येथे खेळाडू सैनिक नसून वेढ्यात अडकलेले नागरिक सांभाळतो. उपासमार टाळण्यासाठी वृद्ध दांपत्याच्या घरातून अन्न आणि औषधे उचलता येतात. विरोध जवळजवळ होतच नाही. मात्र उचलणारे पात्र परतल्यावर खिन्न होते, सोबतीही अस्वस्थ होतात. युद्धाचे चित्रण करणाऱ्या शेकडो खेळांपेक्षा येथे मृत्यू कमी आणि काळोख अधिक आहे, कारण प्रत्येक कृती मोजली जाते. पोलंडमध्ये २०२० साली तो शालेय पूरक वाचनाच्या यादीत समाविष्ट करण्याचे जाहीर झाले, हेही अध्यापकांनी नोंद घेण्यासारखे आहे.

कॅनडातील रेड हूक या संस्थेचा ‘डार्केस्ट डंजन’ (२०१६) याहून वेगळ्या मार्गाने जातो. भुयारांत उतरणाऱ्या वीरांवर ताण साठत जातो. तो मर्यादेपलीकडे गेला की बहुतेक जण ढासळतात, क्वचित एखादा उजळून निघतो. पण खरा काळोख भुयारात नाही, गावातल्या हिशेबात आहे. खचलेल्या माणसाच्या उपचाराला पैसे लागतात, नवा माणूस फुकट येतो. काही तासांनी खेळाडू जुन्या माणसांना सहज काढून टाकू लागतो आणि आपण काय करीत आहोत हे त्याच्या ध्यानात येते, किंवा येत नाही. विनायकरावाच्या मोहरांच्या हिशेबाशी याचे नाते उघड आहे.

पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सचा ‘राजी’ (२०२०) हा भारतीय पुराणकथांवर आधारलेला खेळ यांच्या शेजारी ठेवला, तर छटांतील अंतर चटकन दिसते. राक्षस आहेत, हरवलेला भाऊ आहे, उद्ध्वस्त गाव आहे. परंतु देवी पाठीशी आहे. तो अद्भुताच्या अंगणातला काळोख आहे आणि त्याने अधिक काही असण्याचा आव आणलेला नाही.

एक अडचण मात्र उरते. पुन्हा खेळता येणे हा खेळाचा स्वभाव आहे. हरलेला डाव नव्याने मांडता येत असेल, तर खेळ मुळातच सापेक्ष ठरतो आणि जी. एं.च्या कोठडीइतका बंदिस्त काळोख त्याला साधणार नाही, असे वाटू शकते. याला महाभारताने आधीच छेद दिला आहे. सभापर्वातील द्यूत संपते, धृतराष्ट्र सर्व परत देतो, डाव जणू पुसला जातो. मग अनुद्यूताचे बोलावणे येते आणि युधिष्ठिर पुन्हा बसतो. येथे दुसरी संधी आशा घेऊन येत नाही. पहिल्या पराभवाहून ती भयंकर आहे, कारण आता अजाणतेपणाची सबबही राहिलेली नाही. सारे नियमाप्रमाणे चालले आहे आणि नियमांत न्याय नाही. द्रौपदीने सभेत विचारलेल्या प्रश्नाला नियम जाणणाऱ्या कोणाकडेही उत्तर नव्हते.

चेहरा दिलेला काळोख

आतापर्यंत हद्द आणि अपेक्षा या दोन कसोट्या वापरल्या. तिसरी एक गोष्ट मुरुडच्या किनाऱ्यावर टाळता येत नाही, ती म्हणजे काळोखाला कोणाचा चेहरा दिला जातो. लोकसमजुतींतील भुतांच्या यादीत खवीस हे अहिंदू व्यक्तीचे, विशेषतः मुसलमानाचे भूत मानले गेले आहे. मूळ अरबी ‘खबीस’ म्हणजे दुष्ट, अमंगळ. मुंजा, ब्रह्मसमंध, हडळ यांना अपुऱ्या राहिलेल्या आयुष्याची काही कथा तरी आहे; खवीसाला बहुधा फक्त परकेपण आणि धिप्पाड आकार आहे. हद्दीचा काळोख मघाशी राहण्याजोगा वाटला, पण ती हद्द शेजारच्या वस्तीवरून गेलेली असू शकते हे त्याचे न्यून आहे.

जंजिऱ्याविषयीच्या मराठी शौर्यकथांत हेच घडते. सिद्दी हे पूर्व आफ्रिकेतून, मुख्यतः हबसाणातून, आलेल्या खलाशांचे, सैनिकांचे आणि गुलामांचे वंशज. त्यांनी जंजिऱ्यावर सत्ता उभारली आणि संस्थान १९४८ साली भारतात विलीन झाले. शिवाजी महाराजांचे प्रयत्न, पद्मदुर्गाची उभारणी, किनाऱ्यावरील सिद्दींच्या लुटी आणि जाळपोळ, हा सारा इतिहास आहे आणि तो सौम्य करण्याचे कारण नाही. परंतु कथाकार जेव्हा सिद्दीच्या क्रौर्याचे वर्णन करताना त्याच्या कातडीच्या रंगावर, ओठांवर, डोळ्यांवर रेंगाळतो तेव्हा राजकीय वैराचे रूपांतर जातिवंत काळोखात होते. काळोखी सुराची ही सर्वांत स्वस्त छटा. तिला ना हद्दीचा विचार करावा लागतो, ना कृतीच्या मोलाचा.

हा दोष केवळ मराठीचा नाही. ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ या अमेरिकी भूमिकाखेळात ऑर्क आणि काळ्या वर्णाचे ड्राऊ यांना जन्मतःच दुष्ट मानण्याची प्रथा होती. तिच्या प्रकाशकांनी २०२० साली ही मांडणी बदलत असल्याचे जाहीर केले. खेळ मिळमिळीत होईल अशी तक्रार तेव्हा काहींनी केली. वस्तुतः दुष्टपणा जन्मसिद्ध नसेल तर तो निवडलेला असतो, आणि निवडलेला दुष्टपणा अधिक काळा असतो.

१६८२ सालचा प्रसंग घ्यावा. संभाजीराजांनी खाडीत दगड टाकून राजपुरीपासून किल्ल्यापर्यंत सेतू बांधण्याचा प्रयत्न केला; मुघल फौजांच्या हालचालींमुळे त्यांना परतावे लागले आणि काम अर्धवट राहिले. मराठी कथाकाराने हा प्रसंग नेहमी काठावरून पाहिला आहे, आणि काठावरून तो वीररसाचा आहे, शेवटी थोडासा करुण. तटाच्या आत गोड्या पाण्याचे तलाव होते, मशीद होती, घरे होती. तेथील एखाद्या स्त्रीला रोज थोडा थोडा जवळ येणारा दगडांचा रस्ता कसा दिसला असेल, हे अद्याप कोणी लिहिल्याचे दिसत नाही. मुरुड परिसरातील एखाद्या विद्यार्थ्याने उद्या या वेढ्यावर संगणकीय खेळ रचायचे मनावर घेतले, तर शस्त्रे आणि तोफा यांच्याआधी त्याला खेळाडूला उभे कोठे करायचे हे ठरवावे लागेल, राजपुरीच्या धक्क्यावर की कलालबांगडीच्या मागे.